जळकं गवत

वरंध घाटात कुठल्या वळणावर दुसरा गिअर टाकायचा आणि कुठल्या वळणावर हॉर्न धरून ठेवायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण घाटातून खाली काय दिसतं, हे वयाची साठी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. ते बघायची इच्छा माझ्या घरात एकाच माणसाला होती, माझ्या बायकोला, आणि तिला मी दरवेळी उडवून लावलं.

मी एसटीचा ड्रायव्हर होतो. नोकरीतली बहुतेक वर्षं भोर ते महाड याच रस्त्यावर गेली. पुण्याची पाहुणेमंडळी घरी आली की म्हणायची, "मजा आहे बुवा तुमची! रोज डोंगर, रोज धरण. आम्हाला मुद्दाम सुट्टी काढून यावं लागतं." माझं डोकं फिरायचं. अरे, पन्नास जीव पाठीशी घेऊन उतार उतरणाऱ्याला कसला डोंगर आणि कसलं धरण? त्याला समोरचा हातभर रस्ता दिसतो, आणि त्या रस्त्यावर गुरं, दगड आणि समोरून येणारे दीडशहाणे. मला गाडी शिकवणारे जुने ड्रायव्हर सांगायचे, दरीकडं बघणारा दरीतच जातो. मी खूणगाठ बांधली. धुकं असो, ऊन असो, नीरा देवघरचं पाणी काठोकाठ असो, माझी मान कधी वळली नाही. याचा मला गर्व होता. खरं सांगायचं तर आजही थोडा आहे.

त्याच जुन्या मंडळींची आणखी एक रीत आमच्या डेपोत होती. घाटाच्या गाडीत आपल्या घरचं माणूस घ्यायचं नाही. आई असो की बायको, तिनं दुसऱ्याच्या गाडीनं जावं. घरचं माणूस मागं बसलं की नजर आरशात जाते, तिला मळमळतंय का, तिला जागा मिळाली का. आणि घाटात आरसा असतो तो मागून येणाऱ्या गाडीसाठी. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती, पण मोडायची कुणाची छाती झाली नाही.

बायकोचं माहेर वेल्ह्याच्या रस्त्यावरचं मार्गासनी आणि सासर किकवी. मधलं नसरापूर आणि बाजारापुरतं भोर, एवढंच तिचं जग. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ती म्हणाली, "एकदा मला तुमचा घाट दावा की." मी तिला रीत सांगितली.

"मग सुट्टीच्या दिशी जाऊ. दुसऱ्याच्या गाडीनं."

"सुट्टीच्या दिशी परत त्योच घाट? मला काय येड लागलंय?"

हेच उत्तर मी पुढं कितीतरी वर्षं दिलं. दरवेळी तितक्याच तोऱ्यात.

मग तिनं विचारणं सोडलं आणि फूल द्यायला सुरुवात केली. आमच्या अंगणात जास्वंद आहे. मी ड्यूटीला निघालो की एक फूल पानात गुंडाळून ती माझ्या खाकी शर्टाच्या खिशात घालायची आणि म्हणायची, "वाघजाईला वाहा. म्या न्हाई तर माझं फूल तरी जाऊ दे." पुणे जिल्हा संपून रायगड सुरू होतो त्या टप्प्यात, कड्याला टेकून वाघजाईचं देऊळ आहे. पहिलं वर्षभर मी गाडी उभी करून फूल वाहिलं असेल. मग कंटाळा आला. भरली गाडी चढावर थांबवायची, पुन्हा उचलायची, प्रवाशांची कटकट ऐकायची, कोण करणार? पुढं पुढं देवळासमोर हॉर्न वाजवायचो, दोन आखूड आणि एक लांब, आणि एक हात क्षणभर छातीला लावायचो. फूल खिशातच राहायचं. संध्याकाळी ती विचारायची, "वाहिलं?" मी म्हणायचो, "वाहिलं." त्या फुलाचं नंतर काय व्हायचं याचा मी कधी विचार केला नाही.

मी निवृत्त झालो आणि फूल बंद झालं. तिला तोवर साखरेचा त्रास सुरू झाला होता, पण तो आम्ही दोघांनीही मनावर घेतला नाही. भातात खडे येऊ लागले तेव्हा मी चेष्टा करायचो, "म्हातारपणी माझ्या दातांची परीक्षा घेतीस व्हय?" ती हसायची. पुढं वैशाखात एके सकाळी तिनं तुळशीला घातलेलं सगळं पाणी वृंदावनाबाहेर पडलं आणि ती रिकामा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. तेव्हा कुठं आमचं डोकं ठिकाणावर आलं. मुलानं पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि मी तिला घेऊन गेलो. डॉक्टर सरळ माणूस होते. उजवा डोळा गेल्यात जमा आहे म्हणाले. डाव्यात थोडं आहे, इंजेक्शनं देऊन जेवढं टिकेल तेवढं टिकवू म्हणाले.

परतीच्या एसटीत कात्रजचा बोगदा मागं पडला तशी ती म्हणाली, "मला तुमचा घाट बघायचाय. ह्यो डोळा हाय तवर."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, "आता वैशाखात घाटात काय बघतीस? नुसतं जळकं गवत. धरणाचं पाणी तळाला गेल्यालं. पाऊस यिऊन जाऊ दे. दिवाळी झाली की सगळं हिरवंगार आसतं, धरण भरल्यालं आसतं. तवा आसा दावतो घाट, की बघत ऱ्हाशील."

"बरं," ती म्हणाली.

मला वाटलं, मी तिच्या भल्याचंच बोललो. एकदाच बघायचं तर चांगलं बघावं ना. मुलगा वरव्याजवळच्या एका कारखान्यात आहे, त्याला गुरुवारी सुट्टी असते आणि त्याची गाडी दारात उभी असते. त्यानंतर तीन गुरुवार घाट उघडा होता. तिन्ही गुरुवारी गाडी दारात उभी होती आणि मी तिच्या सावलीत बसून पेपर वाचला. मग पाऊस लागला, दरडी आल्या आणि दरवर्षीसारखा घाट बंद झाला.

पावसाळाभर मी तिला इंजेक्शनांना नेलं. कसं वाटतंय विचारलं की ती म्हणायची, "बरं हाय." मला ते खरं वाटायचं, कारण घरात ती काहीच चुकत नव्हती. चूल, काडेपेटी, मिठाची बरणी, हंडा, सगळ्यावर हात बरोबर जायचा. मी घाट चालवायचो तसं ती घर चालवत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. एक गोष्ट तेवढी खटकायची. गणपतीपासून तिची टिकली वाकडी लागायला लागली होती, कधी डाव्या भुवईवर, कधी पार केसांच्या कडेला. मी वैतागायचो. "आरशात बघून लाव की नीट," म्हणायचो. ती टिकली काढून पुन्हा लावायची, ती आणखी वाकडी.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आणि एका गुरुवारी मी मुलाची गाडी काढली. नुसता घाट दाखवून परत आणायचं माझ्या मनात नव्हतं. इतकी वर्षं थांबवलं तर सगळा फेरा घडवायचा मी ठरवलं होतं. भोरवरून वरंध घाट उतरून महाड, तिथून पोलादपूर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, मग वाई, आणि खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळवरून मागच्या दारानं किकवी. तीन जिल्हे, तीन मोठाले जलाशय. तिनं ओटीचं सामान घेतलं, हिरवं लुगडं नेसली, आणि अंगणातलं एक जास्वंदीचं फूल पानात गुंडाळून या खेपेला स्वतःच्या हातात धरलं. टिकली वाकडीच होती. "आजच्या दिशी तरी," मी चिडून म्हणालो, आणि गाडी सुरू केली.

इतक्या वर्षांत मी गाडी चालवताना ती पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसली होती. रीत मोडल्याची हुरहूर मला खरोखरच वाटत होती. निवृत्त झालो म्हणून काय झालं? गाडीही आपलीच, पण स्टिअरिंगवर हात नवशिक्यासारखा घट्ट.

भोर मागं पडलं, निगुडघर गेलं आणि तिच्या बाजूला धरण आलं. "पाणी लागलं बघ," मी म्हणालो.

तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. "अगं बाई! केवढं पाणी! निळंशार हाय वो."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, थांबलो ते बरंच केलं. वैशाखात आणली असती तर काय दाखवलं असतं हिला, चिखल? ती मधून मधून बोलत होती. डोंगराची सावली पडलीया म्हणाली. वारा कसा थंडगार येतुया म्हणाली. मी नेहमीच्या सवयीनं समोर बघत "हं, हं" करत होतो. पाण्याचं शेपूट बारीक होत गेलं आणि संपलं. शिरगाव गेलं. रस्ता झाडीत शिरला आणि तिच्या बाजूला डोंगर तासून काढलेली तांबड्या मुरमाची भिंत आली, खिडकीतून हात काढला तर लागेल इतकी जवळ.

"आजून पाणी संपंना," ती म्हणाली. "लई मोठं धरण हाय न्हाई?"

त्या रस्त्यावर मी जन्मात पहिल्यांदा समोरची नजर काढली आणि बाजूला बघितलं. ती काचेला कोपर टेकवून त्या मुरमाच्या भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि चेहऱ्यावर हसू होतं. मुरमातून झाडांची मुळं लोंबत होती. गाडी कडेच्या चरीकडं ओढली गेली, मी ती सावरली.

"व्हय," मी म्हणालो. "लई मोठं हाय."

पुढच्या मैलभरात सगळं एकदम समजत गेलं. ती टिकली, आणि ते "बरं हाय." पहिल्यांदा मला तिचाच राग आला, मग डॉक्टरांचा, मग इंजेक्शनांचा, आणि राग फिरून फिरून माझ्याच दारात येऊन बसला. गाडी परत फिरवावी असं वाटलं. पण फिरवायची तर का फिरवतोय ते सांगावं लागणार होतं, आणि तेवढी माझी हिंमत नव्हती. पन्नास जीव घेऊन घाट उतरणारा मी, बायकोला एक वाक्य विचारायला भ्यालो.

मग मीच बोलायला लागलो. "आता खिंड आली बघ. आता दरी लागली."

"दरीत काय हाय?" तिनं विचारलं.

काय होतं दरीत? इतक्या वर्षांत मी कधी बघितलं होतं? "झाडं हायेत," मी म्हणालो.

"कसली?"

"हिरवी."

"धन्य हाय तुमची," ती म्हणाली.

देऊळ जवळ आलं तसा माझा हात आपोआप हॉर्नवर गेला. दोन आखूड, एक लांब. गाडी कडेला लावली. देवळासमोर चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. तिथल्या एका टपरीवरची बाई झारा हातात घेऊनच बाहेर आली.

"आवो, ह्यो तर म्हाडाच्या यष्टीचा हॉर्न!" ती म्हणाली. मला खालीवर बघून घेतलं आणि बायकोकडं वळली. "मावशे, तुमचं मालक व्हय? म्या लगीन करून हितं आले तवापास्नं ह्यो हॉर्न ऐकतीया. दोन बारकं आन एक लांब. पर एक दिस थांबलं न्हाईत बघा! आमी म्हणायचो, ह्या मानसाला देवी बी आवडंना आन भजी बी आवडंना."

बायकोनं माझा दंड धरला होता. मी उगाच मोठ्यानं हसलो आणि दोन प्लेट भजी सांगितली.

ओटी भरताना तिचा हात धरून देवीच्या पायापर्यंत मीच नेला. तिनं खण ठेवला, नारळ ठेवला, मग चाचपून ते फूल वाहिलं. फूल पायावरून घरंगळून खाली पडलं. ते तिला कळलं नाही. मी उचलून पुन्हा ठेवलं.

बाहेर कठड्यावर बसलो. माकडं भज्यांवर टपून होती, मी त्यांना हाकलत होतो. ती शांतपणे खात होती. अर्धी प्लेट झाल्यावर म्हणाली, "फुलं पोचत न्हवती ते मला ठावं व्हतं."

"कसं काय?"

"खाकी कोण धूत व्हतं? खिशातनं चुरा निघायचा. लाल डाग पडायचा तो येगळाच. लिंबू चोळून काढायची म्या."

"आन तरी रोज देत ऱ्हायलीस?"

"खोटं बोलायचा त्या सांजच्याला तुमी जरा गोड वागायचा," ती म्हणाली. "म्हटलं, तेवढं तरी पदरात पडतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझी चोरी उघडी पडली होती, त्यामुळं आता विचारायला सोपं गेलं. "तुला कवापास्नं दिसंना?"

तिनं हातातलं भजं खाली ठेवलं. "गणपतीपास्नं. उजेड आन काळोख कळतो. म्होरं कुणी आलं की सावली हालती. बाकी काय न्हाई."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं आसतं तर आणलं आसतं का तुमी?"

मी काय म्हणालो असतो ते मला चांगलं माहीत होतं. आता जाऊन काय उपयोग, असंच म्हणालो असतो, आणि पेपर उघडला असता. ती मला तेवढं ओळखून होती. म्हणून नसलेलं पाणी बघत बसली होती.

"आता गप बसू नका," ती म्हणाली. "माझं डोळं गेलं, तुमचं हायेत न्हवं? काय दिसतंय ते सांगा."

मग त्या दिवशी मी जे केलं ते अख्ख्या नोकरीत केलं नव्हतं. घाट उतरताना जागा मिळेल तिथं गाडी थांबवली, खाली उतरलो, कठड्याशी जाऊन दरीकडं बघितलं आणि परत येऊन तिला सांगितलं. सांगणं काही जमत नव्हतं.

"डोंगर हाय एक."

"कसा?"

"मोठा."

"आमच्या तोरण्यावानी?"

तिच्या माहेरच्या अंगणातून तोरणा दिसतो, लहानपणापासून तिनं तो बघितलेला. मी परत कठड्याकडं गेलो आणि नीट बघून आलो. "तोरण्यापरीस उभा हाय. एका अंगानं इळ्यानं कापल्यावानी. आन कापलंय तितं उभ्या काळ्या रेघा हायेत, पाणी वगाळल्याच्या."

"हां," ती म्हणाली. "ह्ये कळलं."

असं करत महाडला पोचायला एसटीच्या दुप्पट वेळ लागला. आंबेनळी घाटातही तेच. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवून शिव्या घालून पुढं गेल्या. आयुष्यभर मी रस्त्यात थांबणाऱ्या टुरिस्टांना ज्या शिव्या घातल्या, त्या सगळ्या त्या दिवशी व्याजासकट परत मिळाल्या.

महाबळेश्वरला तळ्याकाठी ही गर्दी होती. घोडे, होड्या, मक्याची कणसं, फोटो काढणारी पोरं. बायको बाकावर बसली आणि मी तिला होड्यांचे रंग सांगत होतो. मला म्हणाली, "आंधळा मागतो येक डोळा, देव देतो दोन, म्हंत्यात. माझ्या बाबतीत देवानं उलटं केलं बघा." आणि हसली. मला नाही हसू आलं. तेवढ्यात कॉलेजातली एक मुलगी फोटो काढता काढता थांबली आणि तिच्यासमोर वाकली. "आजी, टिकली जरा सरकलीय. नीट करू?" बायको हो म्हणायच्या आत त्या मुलीनं नखानं टिकली उचलून मधोमध लावली आणि निघून गेली. पोरगी आम्हाला ओळखतही नव्हती. मी पहाटेपासून त्या टिकलीकडं बघत होतो आणि मला फक्त राग आला होता. स्वतःची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

पसरणीच्या घाटातून धोमचं पाणी दिसतं. तिथं मी गाडी थांबवली नाही. थकलो होतो, आणि खरं सांगायचं तर आता पाणी हा शब्द तोंडातून काढवत नव्हता. तिनंही विचारलं नाही.

वाई झाली, हायवे लागला, खंबाटकीच्या बोगद्यात गाडी शिरली. ती एकदम ताठ बसली.

"बोगदा आला न्हवं?"

"व्हय."

"ह्ये मातर दिसलं," ती म्हणाली.

तीन जिल्ह्यांच्या फेऱ्यात माझ्या बायकोला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेली ही एवढीच गोष्ट. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं. बोगदा संपला, शिरवळ गेलं, नीरेचा पूल ओलांडला आणि आम्ही दिवेलागणीला घरी आलो. मुलानं विचारलं, "आई, कसं व्हतं?"

"लई पाणी व्हतं," ती म्हणाली, आणि चप्पल काढून भिंतीला हात न लावता आत गेली.

शिमग्यापर्यंत उजेड आणि काळोखही एक झाले. डॉक्टरांनी इंजेक्शनं थांबवली. टिकली आता मी लावतो. पहिले काही दिवस माझीही वाकडीच लागायची. घरात ती पूर्वीसारखीच फिरते, फक्त दुपारी काम संपलं की ओट्यावर येऊन बसते आणि म्हणते, काहीतरी सांगा. मी हायवेवरच्या गाड्या सांगतो. माझ्याजवळ सांगण्यासारखं फार नाही, हे मला या ओट्यावर बसून कळलं.

वैशाखात अशाच एका दुपारी तिनं विचारलं, "आता घाटात काय आसंल वो?"

"काय आसणार? जळकं गवत."

"कसं आसतं?"

ज्या गवताला मी आयुष्यभर नावं ठेवत आलो, ते कसं असतं ते मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातलं जास्वंदीचं फूल तोडलं, एसटीतल्या निवृत्तांना मिळतो तो पास घेतला आणि भोरहून महाडच्या एसटीत बसलो. ड्रायव्हर नवीन पोरगा होता, मला ओळखत नव्हता. खिडकीशी बसलो. या रस्त्यावर मी पहिल्यांदाच प्रवासी होतो आणि हातांना काही काम नव्हतं. धरणाचं पाणी खरंच तळाला गेलं होतं. काठावर एकाखाली एक पट्टे उमटले होते, आणि बुडालेल्या शेतांचे बांध जसेच्या तसे वर आले होते, कुणीतरी उद्या येऊन नांगर धरील असे. आणि पुढं डोंगरावर ते गवत. जळकं बिळकं काही नव्हतं. तव्यावर नुकत्या भाजलेल्या तिळाचा रंग असतो ना, तसा सगळा डोंगर. वारा आला की एका अंगानं खाली बसायचं, मग सावकाश उठायचं. झाडं उघडी पडल्यामुळं कडे पार मुळापासून दिसत होते. इतकं सुंदर होतं की मला ते बघवेना. दिवाळीनंतरच्या हिरव्यापेक्षा मला ते जास्त आवडलं, आणि आवडलं म्हणून माझाच मला संताप आला.

देवळाशी उतरलो, फूल वाहिलं. बैल गेला आणि झोपा केला. भजीवाल्या बाईनं बायकोची चौकशी केली, मी बरी आहे म्हणालो. मग कठड्यापलीकडचं मूठभर गवत उपटून शर्टाच्या खिशात घातलं आणि परतीची गाडी धरली.

घरी येईपर्यंत खिशात त्याचा चुरा झाला होता. ती ओट्यावरच बसली होती. तिचा तळवा उघडून मी तो चुरा त्यावर ओतला. तिनं तो बोटांनी चोळला, नाकाशी नेला, परत चोळला.

"ह्येच का ते जळकं गवत?"

"ह्येच."

"वास चांगला हाय की." काही काड्या तिच्या हातातून मांडीवर पडल्या, त्या तिनं चाचपून परत गोळा केल्या. मग म्हणाली, "आन ह्याच्यापायी थांबलो व्हय आपण?"